खदान भरायच्या आधी मातीचं गोत्र विचारा



आपल्या गावगाड्यात जमिनीचे दोन भाग असतात. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पांढरी म्हणजे जिथं पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, गोठ्याचं शेणमूत, पडक्या भिंतींची माती मुरली ती जागा. जुनी गढी ढासळली किंवा गाव उठलं, की तिथली पांढरी माती बैलगाड्या भरून वावरात टाकायची रीत आपल्याकडे होती. त्यात खापरं, मणी, जुन्या वस्तीच्या खुणाही वावरात विखरून गेल्या, ते नुकसान वेगळं. पण एक गोष्ट पक्की होती. माती कुठून आली, तिच्यात काय मुरलंय, हे गाडी हाकणाऱ्याला ठाऊक असे.

तलावातल्या गाळाचंही तसंच. गाळ आपल्याच पाणलोटातला, आपल्याच वावरातून वाहून गेलेला. २०१७ साली सरकारनं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना काढली तेव्हा गाळ नवीन नव्हता, फक्त बैलगाडीच्या जागी जेसीबी आणि टिप्पर आले.

हे आज लिहायचं कारण सांगतो. आमच्या शिवाराला लागून एक बंद पडलेली मुरूम खदान आहे. ती भरून सपाट करायची बोलणी चालली आहेत. 'माती फुकट आणून टाकतो' म्हणणारे दोघं-तिघं येऊन गेले. कोणती माती, कुठली, असं विचारलं तर उत्तर आलं, "मातीच हाय ना भाऊ." गावातल्या काही जणांना त्यात वावगं वाटत नाही, आणि त्यांचंही खोटं नाही. उघडा खड्डा धोक्याचा. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं, ढोरं पडतात, पोरं पोहायला जातात. त्यात जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत आपल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यात किती जमिनी खरडून गेल्या ते सगळ्यांनी पाहिलं. ज्याच्या वावरात नुसता गोटा उरला त्याला कोणतीही माती सोन्यासारखी वाटणारच. म्हणून म्हटलं, माती घ्यायच्या आधी खदानींचा आणि त्या भरण्याचा इतिहास एकदा नीट मांडावा.

पहिला प्रश्न, एवढ्या खदानी आल्या कुठून? वऱ्हाडात १८६७ साली भुसावळहून नागपूरपर्यंत रेल्वे गेली. रुळाखाली गिट्टी लागली, पुलांना दगड लागला. आपला काळा पाषाण त्यासाठी फोडला गेला. पुढं १९७२ चा दुष्काळ. त्या वर्षी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून ज्यांनी घर चालवलं, अशी माणसं अजून आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्या खडीतून रस्ते झाले आणि रस्त्याच्या कडेला खड्डे राहिले. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली आणि मुरुमाची मागणी गावोगाव पोचली. अलीकडे जिल्ह्याच्या दक्षिणेतून समृद्धी महामार्ग गेला, त्यालाही भराव लागला. तलाव-नाले खोल करून निघणारा गाळ-मुरूम रस्त्याला वापरायचा आणि पाणीसाठाही वाढवायचा, ही पद्धत तर 'बुलडाणा पॅटर्न' म्हणूनच देशात ओळखली गेली. म्हणजे खोदण्याचा इतिहास आपल्याकडे भरपूर आहे. खोदून झाल्यावर पुढं काय करायचं, त्याचा इतिहास मात्र तोकडा आहे.

याला कायद्याची एक फट कारण झाली. १९५७ च्या खाण कायद्यानं लोखंड, मँगनीजसारखी मोठी खनिजं केंद्राच्या नियमांखाली ठेवली आणि मुरूम, दगड, वाळू ही गौण खनिजं राज्यांवर सोपवली. मोठ्या खाणींसाठी १९८८ च्या केंद्रीय नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की वरची सुपीक माती वेगळी काढा, वेगळी ठेवा आणि जमीन पूर्ववत करताना तीच वापरा. गौण खनिजाला हे नियम लागू नव्हते. विदर्भासाठी १९६६ चे वेगळे नियम होते, पण गावपातळीवर आपला त्यांच्याशी संबंध आला तो परवाना आणि रॉयल्टीपुरता. २७ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या प्रकरणात सांगितलं की पाच हेक्टरपेक्षा लहान गौण खनिजाच्या पट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी हवी. त्यानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रानं नवे नियम केले. आता हिशोब करा. आपल्या शिवारातल्या बहुतेक जुन्या खदानी २०१२ च्या आधीच्या. त्यांची वरची काळी माती केव्हाच विकली गेली किंवा मुरुमाबरोबर रस्त्याखाली गेली. म्हणून आज खदान भरायची म्हटली की बाहेरची माती आणावी लागते, आणि खरा धोका तिथून सुरू होतो.

आता आपल्या तालुक्याची जमीन डोळ्यापुढं आणा. वर सातपुडा, खाली पूर्णा. पायथ्याला सोनाळा, टुनकीकडं जो दगड-गोटे, वाळू, रेती, चिकणमातीचा मिसळ थर आहे त्याला भूजलवाले 'बझाडा' म्हणतात. सातपुड्यातून येणारे नाले या पट्ट्यात येऊन जमिनीत मुरतात. खालच्या विहिरी-बोअरवेलचं पाणी इथून भरतं. आपल्या संत्र्याच्या बागा याच पाण्यावर उभ्या आहेत. आणि मुरूम-दगड सोपा सापडतो म्हणून खदानीही इथंच. म्हणजे बझाड्यातली खदान हा नुसता खड्डा नाही. ते विहिरीचं तोंड आहे. त्यात जे टाकू ते गाळून निघेल याची खात्री नाही, कारण गोटा आणि रेती पाणी अडवत नाहीत.

खाली पूर्णेकडं गेलं की खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलडाणा मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा पट्टा. चिकण काळी माती, निचरा कमी, जमिनीत सोडियम आणि खाली खारं पाणी. तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही की एकदा जमिनीत नको ते क्षार बसले की काढायला किती वर्षं जातात. जिप्सम टाका, चर काढा, हिरवळीचं खत गाडा, तरी पिढी जाते. बझाड्यातली खदान भरायला खारपाणपट्ट्यातली खोदलेली खालची माती आणली, तर विष नसलं तरी तोच रोग आपण डोंगराच्या पायथ्याशी नेऊन बसवू. माती काळी दिसते म्हणून ती चांगली असते असं नाही.

खदानीत कायकाय भरलं जातं, याची आपल्या राज्यातली मोठी उदाहरणं बघा. पुण्याजवळ उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत जुन्या दगडखाणींच्या जागेवर १९८० च्या दशकापासून शहराचा कचरा पडत गेला. खड्डा आहे, रिकामा आहे, भरून निघेल, हाच विचार. कचऱ्यातून झिरपलेलं काळं पाणी विहिरींत उतरलं, गावांना टँकरचं पाणी प्यायची वेळ आली, आणि त्यावरून वर्षानुवर्षं आंदोलनं झाली. खाली काळा पाषाण आहे, त्यातून पाणी जाणार नाही, असं वाटू शकतं. पण पाषाणाला भेगा असतात, आणि सुरुंग लावलेल्या खदानीत त्या वाढलेल्या असतात.

दुसरं उदाहरण राखेचं. हे आपल्याला जवळचं आहे, कारण पारस आणि भुसावळ ही दोन्ही औष्णिक वीज केंद्रं आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आत आहेत. केंद्र सरकारनं सप्टेंबर १९९९ मध्ये राखेबद्दल अधिसूचना काढली. तिचा एक हेतू चांगला होता. विटांसाठी शेताची वरची माती खरवडली जाते ती वाचावी आणि राख कामाला यावी. सुरुवातीला वीज केंद्राच्या ५० किलोमीटरच्या आत राख वापरण्याचं बंधन होतं, २००३ मध्ये ते १००, २०१६ मध्ये ३०० किलोमीटर झालं. डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेत सखल जागा आणि खाणींचे खड्डे भरायलाही राखेला वाट आहे, पण मंजुरी आणि मार्गदर्शक सूचना पाळून. सिमेंट आणि विटांत राख बांधली जाते, तिथं ती उपयोगाचीच आहे. उघड्या खड्ड्यात, पाणी मुरण्याच्या जागी ती वेगळी वागते. कोराडी केंद्राचा खसाळा राखतलाव जुलै २०२२ च्या पावसात फुटला तेव्हा राख शेतांत आणि नदीत गेली.

कृषी सहायक आणि कृषी पदवीधर मित्रांसाठी इथं थोडं खोलात सांगतो. आपल्या जमिनी चुनखडीयुक्त, सामू आठच्या आसपास किंवा वर. अशा मातीत शिसं बऱ्यापैकी धरून ठेवलं जातं, फार खाली जात नाही. ते धुळीतून, हाताला लागून पोटात जातं. पण आर्सेनिक, सेलेनियम, मॉलिब्डेनम यांचं उलटं आहे. अल्कधर्मी मातीत ते जास्त मोकळे होतात आणि पाण्याबरोबर चालतात. बोरॉनही राखेतून पाण्यात सहज उतरतो. आणि बोरॉनला सगळ्यात नाजूक पिकांपैकी एक म्हणजे लिंबूवर्गीय फळझाड. म्हणजे आपलं संत्रं. जुन्या पानांचे शेंडे पिवळे पडून करपतात आणि आपण पोटॅशची कमतरता किंवा डायबॅक समजून फवारण्या करत बसतो.

आता जरा दूरच्या गावाची गोष्ट. इंग्लंडमध्ये कॉर्बी नावाचं गाव आहे. आजूबाजूला लोहखनिजाच्या उघड्या खदानी आणि मध्ये मोठा पोलाद कारखाना. १९८० च्या सुमारास पोलाद करणं बंद पडलं. नगर परिषदेनं सुमारे ६८० एकर जागा घेतली आणि ती स्वच्छ करून पुन्हा वापरात आणायचं काम १९८५ ते १९९७ या काळात चाललं. कारखान्याचा गाळ आणि दूषित माती खोदून ट्रकनं नेली जायची, त्यातली बरीच डीन नावाच्या जुन्या खदानीत टाकली. ट्रक झाकलेले नसायचे. चाकांना लागलेला चिखल रस्त्यावर सांडायचा, वाळायचा आणि धूळ होऊन गावात उडायचा. त्या काळात गावात हाताची-पायाची बोटं नीट न वाढलेली बाळं जन्माला आली. अशा १८ मुलांच्या कुटुंबांनी दावा लावला. २००९ मध्ये न्यायालयानं निकाल दिला की परिषदेनं हे काम हाताळण्यात हयगय केली आणि तसं नुकसान त्यातून होऊ शकत होतं. २०१० मध्ये तडजोड होऊन भरपाई ठरली.

या गोष्टीतून मी एकच धडा घेतो. कॉर्बीचं विष जागच्या जागी पडून होतं तेव्हा ते तेवढं घातक नव्हतं. हलवलं, उघडं नेलं, सांडलं, वाळू दिलं, तेव्हा ते लोकांच्या श्वासात गेलं. आणि हे सगळं जमीन सुधारायच्या चांगल्या हेतूनं चाललं होतं. म्हणजे संशयाची माती हाताळताना प्रश्न दोन आहेत. माती कोणती, आणि ती नेता कशी. पहिल्याचं उत्तर मिळेपर्यंत दुसरं काम सुरूच करायचं नसतं.

चांगलं उदाहरणही आपल्याच विदर्भात आहे. नागपूर जिल्ह्यात सावनेर तालुक्यात गुमगावची मँगनीज खाण आहे. तिथल्या टाकाऊ ढिगाऱ्यांवर गवतही धरत नव्हतं. सेंद्रिय कर्ब नाही, नत्र नाही, वरून धातूंचा भार. नागपूरच्या 'नीरी' संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथं बाहेरून मातीचे डोंगर आणले नाहीत. आहे त्या ढिगाऱ्यात साखर कारखान्याची मळी मिसळली, द्विदल झाडांना रायझोबियम, बाकीच्यांना ॲझोटोबॅक्टर, मुळांना मायकोरायझा बुरशी दिली आणि झाडं लावली. ढिगारा हिरवा झाला. सेंद्रिय पदार्थ धातूंना धरून ठेवतात, मुळं माती बांधतात, धूळ उडणं थांबतं. आणखी एक शहाणपण त्यात होतं. संशयाच्या जागेवर खायचं पीक घ्यायची घाई केली नाही, झाडं लावली.

आता कोणी म्हणेल, आपण काही कॉर्बी नाही, डोळ्यानं बघून माती ओळखतो. त्यांना शेजारच्या शेगाव तालुक्याची आठवण देतो. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. आधी सगळ्यांनी पाण्याला दोष दिला. पुढं डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणी करून सांगितलं की लोकांच्या शरीरात आणि रेशनच्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण जास्त आढळलं. गहू दिसायला गव्हासारखाच होता. पंजाबात होशियारपूर-नवांशहर भागात शिवालिक टेकड्यांतून वाहून आलेल्या गाळामुळं काही जमिनी सेलेनियमयुक्त झाल्या आहेत, हे शास्त्रज्ञांना कित्येक वर्षांपासून माहीत आहे. त्या मातीलाही रंग-वास वेगळा नाही.

आणि जमीन आरोग्यपत्रिकेवरही इथं विसंबू नका. २०१५ पासून मिळणाऱ्या या पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पीक घ्यायला ते छान. पण शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम, सेलेनियम, तेलाचा अंश यातलं त्यात काहीच नाही. 'माती परीक्षण केलं, रिपोर्ट ओके' असं कोणी म्हटलं तर कशाचं केलं ते आधी विचारा.

आमच्या खदानीसाठी मी ग्रामसभेत जे मांडणार आहे ते इथंही लिहितो. आपापल्या गावाला लागू पडेल ते घ्या.

१. आधी खदानीचा इतिहास लिहून काढा. कोणत्या वर्षी सुरू, कधी बंद, सुरुंग लावत होते का, क्रशर किंवा डांबर प्लांट होता का, डिझेलची टाकी कुठं होती, बंद पडल्यावर कोणी काय आणून टाकलं. तिथं काम केलेल्या म्हाताऱ्या माणसांइतकं हे कोणाला माहीत नसतं. सुरुंगाच्या दारूतून नायट्रेट पाण्यात उतरतं, म्हणून खदानीतलं साचलेलं पाणी आणि जवळच्या विहिरी आधी तपासा. उद्या काही बिघडलं तर आधी काय होतं याचा पुरावा हाच.

२. येणाऱ्या प्रत्येक मातीचं मूळ ठिकाण लेखी घ्या. गट नंबर, गाव, आधी तिथं काय होतं. पेट्रोल पंप, गॅरेज, बॅटरीचं काम, कारखाना, कचरा डेपो, दवाखान्याची मागची बाजू, यातलं काही असेल तर ती माती नको. पाडलेल्या बांधकामाचा राडारोडाही नको, त्यात रंग, पत्रे, वायर सगळं येतं.

३. नमुना भरायच्या आधी, मूळ जागेवर घ्या. दहा-पंधरा ठिकाणची माती एकत्र करून चौकोनी पद्धतीनं अर्धा किलो करा. पण जिथं रंग, वास, तेलकटपणा वेगळा दिसतो तिथला नमुना वेगळा ठेवा. चांगल्या मातीत मिसळला तर तो लपून जातो. जड धातूंसाठी जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरू नका, प्लास्टिकची घ्या. कुठं तपासायचं ते जळगाव जामोदच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात विचारून घ्या.

४. खोदताना संशय आला तर काम तिथंच थांबवा. ती माती जाड ताडपत्रीवर वेगळी ठेवा, वरून झाका, भोवती बांध घाला. पावसात तिचं पाणी नाल्यात जाऊ देऊ नका. पसरवू नका, जाळू नका, 'थोडीच हाय' म्हणून बाकीच्यात मिसळू नका. ढोरं-बकऱ्या लांब ठेवा.

५. टिप्पर झाकलेले हवेत, माती ओलसर हवी, चाकं धुऊन रस्त्यावर यायला हवीत. वाऱ्याच्या दिवशी काम नको. मजुरांना तोंडाला मास्क, हातमोजे, बूट द्या. जेवायच्या आधी हातपाय साबणानं धुवायचे आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. लहान लेकरं त्या कामावर फिरकता कामा नयेत. कॉर्बीत सगळं बिघडलं ते इथं.

६. खदान पूर्ण भरलीच पाहिजे असं नाही. उतार मोडून, कड्याला कुंपण घालून, स्वच्छ पाणी मुरण्याची जागा म्हणून ती ठेवता येते. बझाड्यात तर ती भरलेल्या जमिनीपेक्षा जास्त मोलाची ठरेल.

७. भरलीच तर पहिली काही वर्षं झाडं लावा. करंज, कडुनिंब, बांबू चालेल. पालेभाजी अजिबात नको. पालक, मेथी, मोहरीवर्गीय भाज्या कॅडमियम पटकन ओढतात. तपासणी झाल्याशिवाय चाराही कापू नका.

हे सगळं करायला खर्च येतो, मान्य. तपासणीचे पैसे कोण देणार हा प्रश्न ग्रामसभेत पहिला येईल. माझं म्हणणं साधं आहे. जो माती आणून टाकतो त्यानं द्यावेत. त्याला आपली जागा हवी आहे, आपल्याला त्याची माती नाही. शहरात, कारखान्याजवळ अशा मालाची विल्हेवाट लावायला पैसे मोजावे लागतात. जो माल कोणी पदरचं डिझेल जाळून आपल्या शिवारात फुकट आणून टाकतो, त्याचा खर्च कोणाचा तरी वाचत असतो, हे ओळखा.

मातीचा एक इंच थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, खदानीत टिप्पर रिकामा व्हायला दोन मिनिटं. सोयरीक जुळवताना आपण मामेकूळ, गोत्र, गाव सगळं विचारतो. ही माती तर आपल्या विहिरीशी कायमची नातं जोडणार आहे.

तुमच्या गावात जुनी खदान भरली असेल तर काय भरलं होतं आणि नंतर विहिरीला, पिकाला काय फरक पडला, ते खाली लिहा. चांगलं झालं असेल तर तेही लिहा, ग्रामसभेत दोन्ही वाचून दाखवीन.